लष्करच्या वाड्यातलं ऊन
१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला पडली, तिचंच पुढे लष्कर झालं. आमचा वाडा तिथलाच. सगळ्यांना चौकातलं ऊन आठवतं; मला माजघरातला अंधार. 'मोठ्या घरची' म्हणून आजी उन्हात यायचीच नाही. हाडं कायम दुखायची. घरचे म्हणायचे, वात आहे. तपासणी तेव्हा कुठली?

१९२२ मध्ये हचिसन आणि शहा यांनी नाशिकचा अभ्यास छापला: मुडदूस पडद्यातल्या खात्यापित्या घरांत, उन्हात वावरणाऱ्या गरिबांची मुलं बहुतेक वाचलेली. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी ड जीवनसत्त्व ओळखलं.

परवा माझाही रिपोर्ट कमी आला. पडदा गेला, पण फ्लॅट, गाडी, ऑफिस आलंच ना! गोळ्या सुरू आहेत, आणि रोज थोडा वेळ छतावर जाते.

तुमच्या आज्या कुठे बसायच्या हो, चौकात की माजघरात?