मेनूकार्डावरचं बासष्ट साल

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आठ-दहा जण बाहेर जेवायला जातो. पत्नी, दोन मुली, जावई, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान, शिवाय एक जुने मित्र आणि वहिनी. मित्र निवृत्त मुख्याध्यापक, पक्के शाकाहारी. त्यांना अंडंही चालत नाही. आमच्याकडे हलाल लागतं. बहिणीला कोलंबी सोसत नाही. त्यामुळे वेटर पाण्याचे ग्लास ठेवतो न ठेवतो तोच त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. धाकटी लेक म्हणते, "अब्बा, आपण जेवायला आलोय की चौकशी आयोग घेऊन?"

नियम एकच. शक्यतो दर वेळी नवं ठिकाण, आणि पदार्थ आशियातल्या कुठल्या तरी दुसऱ्या मुलुखातला. इराणी झालं, चिनी झालं, बर्मी झालं. चवीचं वर्णन करणं हे काही माझं काम नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल असतं ते वेगळंच. हा पदार्थ घेऊन इथं आलं कोण, कशापायी आलं, आणि आल्यावर आपण त्यांच्याशी कसे वागलो?

सुरुवात इराण्यापासून करायला हवी. घराबाहेर, कुणाच्याही शेजारी बसून खायला सामान्य मुंबईकर शिकला तो बराचसा त्याच्याच संगमरवरी टेबलावर. धोबीतलावची कयानी १९०४ सालची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ ची, पुण्याचं गुडलक १९३५ चं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमान या भागांतून ही माणसं निघाली. गरिबी होती, १८७१ च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ होता. जे झरतुष्ट्री होते त्यांच्यावर जिझियाही होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हाटारिया नावाच्या गृहस्थांना आपले प्रतिनिधी म्हणून इराणला धाडलं. त्यांनी तिथं ठाण मांडून खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये तो कर उठला. माझ्याच धर्माच्या राजवटीनं लावलेला कर चुकवून आलेल्या माणसाच्या हातचा ब्रूनमस्का मी कॉलेजच्या तीन वर्षांत किती खाल्ला असेल, याचा हिशेब नाही. पुढे त्याच इराणातून शिया मुसलमानही आले आणि त्यांनीही तसेच कॅफे काढले. गुडलक हे त्यांच्यापैकीच. गल्ल्यावरचा माणूस अग्यारीत जातो की मशिदीत, हे चहा पिणाऱ्याला ओळखूही येत नसे.

चहाची गंमत अशी की इराणी चहा इराणात मिळत नाही. तिथे बिनदुधाचा पितात. 'पानी कम' ही मुंबईची ऑर्डर. पाव हा शब्द पोर्तुगीज. ब्रिटानियाच्या बेरी पुलावातली ती आंबट लाल झरिश्क तेवढी खरी इराणची. बाकी सगळा मामला इथल्या गिऱ्हाइकाला विचारून ठरलेला.

आम्हा कवी मंडळींचं तर या जागांशी विशेष सख्य. धोबीतलावच्या बस्तानीच्या भिंतीवरच्या सूचनांवरून निस्सिम इझिकेल यांनी एक कविताच केली. बस्तानी २००४ साली बंद झालं. जिथे कधी शेकड्यांनी इराणी होते तिथे आता काही मोजकेच उरलेत. यावर हळहळणारे लेख पुष्कळ येतात, मी त्यात भर घालत नाही. इराण्याची गोष्ट एकंदरीत सुखाची आहे. त्याला कुणी हाकललं नाही. मुलं शिकली, परदेशी गेली, दुकानाचं शटर खाली आलं, इतकंच.

चिन्याची गोष्ट मात्र तशी नाही.

माझे मामू गोदीत खलाशी होते. आम्ही रत्नागिरीकडचे. त्या काळी आमच्याकडचे खलाशी मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीवर उतरत. मामूंचा मुक्काम माझगावात होता. तिथेच चिन्यांची वस्ती होती. नवाब टँक रोडवरचं त्यांचं सी यूप मंदिर १९१९ चं, ते अजून आहे. मामू सांगत, चिनी माणूस तीन धंद्यांत हमखास सापडायचा: जोडे शिवणं, दात बसवणं आणि सायकलवरून रेशीम विकणं. खुद्द मामूंची कवळी एका चिनी दंतवैद्यानं केलेली होती आणि ती शेवटपर्यंत टिकली. मामू म्हणायचे, "बासष्टच्या लढाईत त्याचं दुकान महिनोन्महिने बंद होतं. उघडलं तेव्हा पाटीवरची चिनी अक्षरं पुसलेली. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

भारतातल्या चिन्यांचं मूळ ठिकाण खरं तर कोलकाता. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टोंग आच्यू नावाच्या माणसानं हुगळीकाठी जमीन मिळवून साखर कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला आचीपूर म्हणतात. मागून हजारोंनी लोक आले. कँटनकडचे सुतारकाम करू लागले, हाक्का लोक कातडी कमावू लागले. कातड्याला हात लावायला इथले उच्चवर्णीय तयार नव्हतेच, त्यामुळे त्या धंद्यात परक्याला जागा होती. असं टँग्राचं टॅनरीगाव वसलं.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनशी युद्ध सुरू झालं आणि महिन्याभरात संपलंही. नोव्हेंबरच्या २१ तारखेला युद्धविराम झाला. धरपकड सुरू झाली ती याच सुमारास, लढाई संपता संपता. कायद्यानं व्याख्याच अशी केली, की आई-बाप किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी शत्रुराष्ट्राचं नागरिक असेल तर तो माणूस परका. मग तो जन्मला आसामात असो, बोलत बंगाली असो. आसाम, मेघालय, दार्जिलिंग, कोलकाता इथून सुमारे तीन हजार माणसं उचलली गेली. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी मुलं. त्यांना आगगाडीत घालून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेलं. ही देवली म्हणजे आपली वर्ध्याकडची देवळी नव्हे. ही इंग्रजांची जुनी कैदछावणी. जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांना इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात तिथेच डांबलं होतं. स्वतंत्र भारताला दुसरी जागा सापडू नये, याचं मला वाईट वाटतं.

कुणावरही खटला चालला नाही. चीननं १९६३ मध्ये मद्रासला जहाजं पाठवली, त्यांतून सुमारे चोवीसशे लोक गेले. यातल्या अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. उरलेल्यांपैकी शेवटचे १९६७ मध्ये सुटले. परत आले तेव्हा कित्येकांची घरं आणि दुकानं लिलावात निघाली होती. पुढे १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा आला. पाकिस्तानात गेलेल्या नातेवाइकामुळे ज्यांची मालमत्ता त्यात अडकली अशी घरं आमच्या समाजातही आहेत, म्हणून तो शब्द कानाला ओळखीचा वाटतो.

रीता चौधुरी यांची 'माकाम' ही आसामी कादंबरी २०१० ची. 'द देवलीवालाज' हे जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसूझा यांचं पुस्तक २०२० चं. म्हणजे घटना घडून गेल्यावर अर्धं शतक होत आलं तेव्हा ही गोष्ट आपल्या कानावर येऊ लागली. आणि या मधल्या काळात आपण काय करत होतो? आपण मंचुरियन खात होतो.

हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. मंचुरियनची जन्मकथा खरोखर याच मधल्या काळातली आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाक करत होते. मेनूबाहेरचं काही तरी हवं, अशी गिऱ्हाइकांची मागणी. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपला देशी मसाला घेतला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मक्याच्या पिठात तळलेली कोंबडी त्यात सोडली. मंचुरियात हा पदार्थ शोधायला जाऊ नये. आपल्या शेजवानचाही सिचुआन प्रांताशी संबंध नावापुरताच. ज्या समाजाला तेरा वर्षांपूर्वी परकं ठरवलं, त्याच समाजाच्या एका माणसानं गिऱ्हाइकाच्या जिभेचा अंदाज घेऊन देशाला एक नवा पदार्थ दिला. तो कोबीत शिरला, लाल गाड्यांवर चढला, चायनीज भेळेत मिसळला, लग्नाच्या पंगतीत बसला. २०२४ मध्ये गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं रंगाच्या आणि स्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा मात्र कुणी तो परका पदार्थ असल्याचं म्हणालं नाही.

टँग्राची टेबलंही अशीच मांडली गेली. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये प्रदूषणापायी टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितलं. अनेकांनी हलवण्याऐवजी बंद केल्या आणि शेडमध्ये रेस्टॉरंटं काढली. एका कविसंमेलनासाठी कोलकात्याला गेलो असता सहकुटुंब तिथे जेवलो. मुख्याध्यापकही सोबत होते. वाढणाऱ्या म्हातारबाबांनी आमचे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "डुक्कर वेगळ्या कढईत. साहेबांची भाजी तिसऱ्या कढईत. चौथी कढई माझ्याकडे नाही." मुख्याध्यापक पोटभर जेवले.

माझा भाचा टोरांटोला असतो. तिकडे आपल्या चिली चिकनला 'हाक्का' जेवण म्हणतात. बासष्टनंतर इथून निघालेले बरेच चिनी कॅनडात गेले. गुजराती, पंजाबी, मराठी माणसं तिथं गावची आठवण काढत जेवायला जातात ती यांच्याकडेच.

आता त्याच बासष्ट सालाची दुसरी बाजू. लढाईच्या सात महिने आधी, २ मार्च १९६२ ला ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. दुकानं, गिरण्या, पेढ्या यांचं सरसकट राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख हिंदी लोकांना तो देश सोडावा लागला. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती, हे आज सांगून खरं वाटत नाही. त्यांतले लाखो आधीच १९४२ मध्ये, जपानी फौजा आल्या तेव्हा, जंगलवाटेनं चालत निघाले होते. हजारो वाटेतच गेले. बासष्टनंतरच्यांनी जहाजानं प्रवास केला, पण गाठीला फारसं काही न्यायची मुभा नव्हती. पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसं एका सरकारी फर्मानानं परकी झाली. ब्रह्मदेशानं आपल्या माणसांना जे केलं, तेच आपण आपल्या चिन्यांना करत होतो, आणि दोन्हीकडची जहाजं मद्रासच्या एकाच बंदराला लागत होती.

त्या माणसांनी एक गोष्ट तेवढी सोबत आणली. मद्रासला बर्मा बाजार बसला आणि त्याच्या आसपास अथ्थोच्या गाड्या लागल्या. सुरतजवळच्या रांदेरचे मुसलमान रंगूनला व्यापार करत, त्यांच्याकडे खाउसे 'खावसा' या नावानं रुळला. मेमनांच्या घरात तो शादी-ब्याहला होतो. मुंबईत फोर्टमध्ये २०१४ साली एक बर्मी रेस्टॉरंट निघालं, 'बर्मा बर्मा'. मालकांपैकी एकाची आई त्या देशात वाढलेली. तिथे सगळं शाकाहारी आणि दारूही नाही. आमच्या टोळक्यानं पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता जेवण मागवलं. वेटरला त्याचं महत्त्व कळलं नाही.

समोर आला तो खाउसे म्हणजे शेवयांसारखे नूडल, त्यावर बेसन लावून घट्ट केलेला नारळाच्या दुधाचा रस्सा, वरून तळलेला कांदा, तळलेली लसूण, लिंबू, तिखट. पहिला घास घेताच बहीण म्हणाली, "हे तर आपल्या नानीचं सार!" मुख्याध्यापकांनी दुसऱ्यांदा मागवला.

मला रत्नागिरीच आठवली. मंडालेचा थिबा राजा १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्यांनी १९०८ मध्ये मंडालेला धाडलं. टिळक सहा वर्षांनी परतले, थिबा परतला नाही. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, राजा १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याची नात टुटू रत्नागिरीतच गरिबीत राहिली, मराठी बोलली आणि २००० साली गेली. पण तीस वर्षं राजा आपल्या लवाजम्यासह राहूनही बर्मी जेवण रत्नागिरीच्या एकाही घरात शिरलं नाही. राजवाडा उंचावर, दारात इंग्रजांचा पहारा, आणि राजाला पोटासाठी गाडी लावायची गरज नव्हती. माझ्या नानीच्या घरी नारळ होता, बेसन होतं, शेवया होत्या, कांदा-लसूण होती. टेकडीवरून उतरून तिला कृती सांगायला मात्र कुणी आलं नाही.