देसाईगंज आणि एक उघडे पत्र

२८ मे १९६१ रोजी लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाने विस्मृतीत टाकलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. अनोळखी माणसाने अनोळखी कैद्यासाठी, त्याला डांबणाऱ्या सरकारलाच पत्र लिहायचे, ही तिची रीत. आपल्याकडचे पुष्कळ विद्वान पत्रमोहिमांचा इतिहास येथूनच सुरू करतात. मला ते पटत नाही. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले, १९३० मध्ये 'जनता'. पाणवठ्यावरची मारहाण, गावाने टाकलेला बहिष्कार यांची हकीकत आपली माणसे स्वतः लिहून या पत्रांकडे धाडत होती. तेथे पीडित आणि पत्रलेखक एकच होता. हा फरक लहान नाही.

तो देसाईगंजच्या प्रकरणात टोचतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका अनाथ, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. वय चौदा ते सोळा. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. भीतीने हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, असे त्याने बजावले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. का? अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केला नव्हता. दारे लावून दिवे मालवलेल्या पोलीस ठाण्यात ओरडायचे, ते कोणत्या पोलिसाला हाक म्हणून?

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना उघडे पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला भेद त्यांनी न्यायालयाला शिकवला आणि फेरसुनावणी मागितली. ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे.

बोरगाव मेघेच्या आमच्या अभ्यासवर्गात हे वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या मुलीला काय मिळाले?" निकाल फिरला नाही. आरोपी सुटले ते सुटलेच. चळवळीने मात्र तिचे नाव प्रकरणाला देऊन टाकले. मी ते येथे लिहीत नाही. अशी नावे छापणे त्याच १९८३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवले.

तरीही पत्राला हिणवू नये. १९७९ मध्येच तिहारमधल्या फाशीच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले होते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून पत्र लिहिले. पाच जणींनी कोठडीतल्या मारहाणीचे सांगितले होते. फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला शिपायांचा पहारा आणि अटक होताच कायदेसाहाय्य समितीला कळवणे बंधनकारक केले. पुढे कोठडीमृत्यूंवरचे डी. के. बसू यांचे पत्र ऑगस्ट १९८६ मध्ये गेले. निकाल १८ डिसेंबर १९९६ ला आला. अटकेची नोंद तारीख-वेळेसह करायची, तिच्यावर साक्षीदाराची सही घ्यायची आणि नातेवाइकाला कळवायचे, हे त्या निकालातले. तेथवर पोचायला त्या पत्राला दहा वर्षे लागली.