एलईडी सिग्नल-दिवा

चौकातील वाहतूक नियंत्रित करणाऱ्या लाल, पिवळ्या व हिरव्या दिव्यांत तंतूच्या बल्बऐवजी बसवला जाणारा, प्रकाश-उत्सर्जक डायोडांचा सीलबंद दीपघटक. 200 व 300 मिमी. हे त्याचे रूढ व्यास होत. बल्बचा पांढरा प्रकाश रंगीत काचेतून गाळताना त्याचा बराचसा भाग वाया जाई; डायोड मुळातच हव्या त्या रंगाचा प्रकाश देत असल्याने सुमारे 135 वॉटच्या बल्बचे काम 10 ते 15 वॉटमध्ये होते.

रंग व प्रकाशरचना : हिरव्या प्रकाशाला लागणारे इंडियम-गॅलियम-नायट्राइडचे तेजस्वी डायोड शुजी नाकामुरा यांच्या 1993 मधील निळ्या डायोडनंतर व्यवहारात आले. लाल-हिरवा रंगभेद न जाणवणाऱ्यांसाठी हिरव्यात निळसर झाक ठेवतात व त्याची तरंगलांबी 500 नॅनोमीटरच्या आसपास असते. आरंभीच्या दिव्यांत शेकडो लहान डायोड दिसत. आता मागे मोजके शक्तिशाली डायोड ठेवून त्यांचा प्रकाश फ्रेनेल भिंगाने, म्हणजे वर्तुळाकार खाचांच्या पातळ भिंगाने, समांतर करतात आणि बाह्य भिंगावरील सूक्ष्म उंचवट्यांनी तो वाहनचालकांकडे, खाली व बाजूंना वळवतात. मागे परावर्तक नसल्यामुळे, तिरप्या उन्हात विझलेला दिवा पेटल्यासारखा भासण्याचा जुना दोषही कमी होतो. अमेरिकेच्या 2005 च्या विनिर्देशात 300 मिमी. दिव्याची किमान दीप्तितीव्रता लाल 365, पिवळा 910 व हिरवा 475 कॅन्डेला अशी आहे.

विद्युतरचना : अभिकल्पाचा खरा कस येथे लागतो. चौकातील नियंत्रक दिव्याचे व्होल्टेज व विद्युतप्रवाह पाहून तो चालू आहे की बंद हे ठरवतो; बल्बसाठी बनवलेल्या जुन्या नियंत्रकाला एलईडीचा अत्यल्प प्रवाह म्हणजे दिवा गेल्याची खूण वाटते, म्हणून समांतर भाररोधक जोडावा लागतो. उलटपक्षी, नियंत्रकातील अर्धसंवाहक स्विच बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो आणि तेवढ्याने एलईडी मंद उजळू शकतो. यास्तव 120 व्होल्टच्या यंत्रणेत 35 व्होल्टखाली दिवा पूर्ण विझलाच पाहिजे, अशी अट असते. सर्वांत घातक स्थिती म्हणजे डायोड निकामी होऊनही त्यांना वीज पुरवणारे चालक-मंडल प्रवाह घेत राहणे, कारण तेव्हा लाल दिसत नसताना नियंत्रक तो लागल्याचे मानतो. त्यामुळे काही रचनांत प्रकाश गेल्याचे जाणवताच मंडल स्वतःचा फ्यूज उडवते आणि बिघाड तुटलेल्या तंतूसारखा स्पष्ट होतो.

उष्णता : तापमान वाढल्यास लाल व पिवळ्या डायोडांचा प्रकाश विशेष घटतो, म्हणून ॲल्युमिनियमचा उष्णताशोषक बसवतात.

बर्फ : बल्बच्या उष्णतेने भिंगावरचा बर्फ वितळे, एलईडीने वितळत नाही, म्हणून हिमप्रदेशांत तापक किंवा वेगळ्या आकाराचे छज्जे वापरतात.