पटावरून नाव कमी करण्याआधी

काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ह्यूम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले. पण हे गृहस्थ पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते, हे काही आपल्या पुस्तकात नव्हतं. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एक लहानसं घुबड टिपलं. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली. हाच आपला रानपिंगळा.

पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही रानपिंगळे मिळवले. त्यातला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर सगळी सामसूम!

मधे फक्त एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं : १९१४, मांडवी, गुजरात. साहजिकच शोध घेणारे तिकडे वळले आणि हात हलवत परत आले. हळूहळू बऱ्याच जणांनी रानपिंगळ्याची आशाच सोडली.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. पक्षी मुळात डेव्हिडसनचा निघाला! या गृहस्थांनी तो लंडनच्या संग्रहालयातून उचलला होता, आत नव्याने भरण केलं होतं आणि वर खोटी चिठ्ठी लावली होती. मग बाईंनी मांडवी यादीतून काढली आणि फक्त खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत त्या आधी पूर्वेकडे हिंडल्या, मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

आता मास्तरकीच्या सवयीने थोडं हिशोबाचं सांगतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ १९६४ पासून 'लाल यादी' ठेवतो. तिच्यात धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत : असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. पायरी ठरते ती आकड्यांवर. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (जे जास्त असेल ते) संख्या किती घटली, वावर किती क्षेत्रात उरला, प्रौढ जीव किती राहिले, असे निकष आहेत. उदाहरणार्थ, प्रौढ जीव पन्नासहून कमी उरले, तर तेवढ्यावरच ती जात अतिसंकटग्रस्त. आणि 'नामशेष' कधी म्हणायचं? शेवटचा जीव मेला याबद्दल रास्त शंका उरली नाही तरच. तेही योग्य जागी, योग्य वेळी कसून शोध घेतल्यावर.

शाळेत नाही का, गैरहजर असणं वेगळं आणि पटावरून नाव कमी करणं वेगळं! गैरहजर मुलाच्या घरी आपण निरोप धाडतो. नाव कमी केलं की चौकशी संपते. रानाचंही तसंच आहे. प्राणी 'गेला' म्हटलं की त्याच्या जंगलासाठी कोण भांडणार? रानपिंगळ्याला मोठी झाडं लागतात, त्यांच्या ढोलीत तो घरटं करतो. एका खोट्या चिठ्ठीने लोकांना भलतीकडे फिरवलं, आणि इकडे सातपुड्यातली झाडं पडत राहिली. त्या वर्षांची भरपाई कोण करणार?

१९९७ नंतर शोध वाढले. मेळघाटात तो मिळाला, मध्य प्रदेशात मिळाला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. म्हणून २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आणलं गेलं. पण लगेच पेढे वाटू नका हं! पक्षी वाढले म्हणून ही बढती झालेली नाही. आपली माहिती वाढली, एवढंच. जंगलतोड आणि अतिक्रमण आहेतच, आणि घुबडाला अशुभ मानणारेही आहेत.

धुळे-नंदुरबारकडची आमची नातेवाईक मंडळी हे वाचत असतीलच. तोरणमाळला जाल तेव्हा सागाच्या फांद्यांकडे जरा मान वर करून बघा. दिसला तर तारीख आणि जागा अगदी खरी खरी लिहून ठेवा. त्या दोन गोष्टींची किंमत किती असते, ते आपण पाहिलंच.