दिनचर पाली आणि नकाशावरचा ठिपका

सह्याद्रीतून पालीची नवी प्रजाती नोंदवली गेल्याची बातमी आता वाचकांना नवलाची राहिलेली नाही. त्यांतल्या बऱ्याच पाली ‘निमास्पिस’ या एकाच कुळातल्या असतात. घरातली पाल रात्री दिव्याभोवती किडे टिपते आणि उजेडात तिच्या डोळ्याची बाहुली उभ्या फटीसारखी आक्रसते. निमास्पिसची बाहुली गोल असते. ती दिवसा, सावलीतल्या कातळावर, बुंध्यावर किंवा पालापाचोळ्यात शिकार करते. म्हणून ती दिनचर पाल.

अलेक्सांडर श्ट्राउख या रशियातील प्राणिशास्त्रज्ञाने हे कुळ १८८७ मध्ये स्थापले. पुढची कित्येक दशके महाराष्ट्रातल्या घाटांकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही. २००९ मध्ये वरद गिरी, एरन बावर आणि किशोर गायकवाड यांनी ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’चे वर्णन केले आणि चित्र पालटले. २०१४ मध्ये साताऱ्याच्या कास परिसरातील पालीला गिरी यांचेच नाव मिळाले. २०१८ मध्ये अमित सय्यद आणि सहकाऱ्यांनी एकाच निबंधात चार प्रजाती मांडल्या, त्यांत एक आंबोलीच्या नावाची. २०१९ मध्ये आंबा आणि कोयना ही नावे जोडली गेली.

या पाली अर्थातच आधीपासून तिथेच होत्या. वरवर पाहता त्या सारख्याच दिसतात. नराच्या मांडीवरील सूक्ष्म छिद्रे मोजावी लागतात, पाठीवरचे खवले तपासावे लागतात, डीएनए जुळवून पाहावा लागतो. शेवटची पायरी प्रयोगशाळेत होते. पहिली पायरी मात्र पावसाळ्यात घाट पालथे घालणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांतूनही घडते: ही पाल कुठे दिसली, कोणत्या खडकावर, किती उंचीवर. असे निरीक्षण एकमेकांना मोकळेपणाने सांगणे हाच या मंडळींचा शिरस्ता. पण बऱ्याच प्रजातींचा अधिवास अगदी लहान पट्ट्यापुरता असल्याने ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर इथे फार वजनदार ठरते.

किती वजनदार, ते टांझानियात दिसले. तेथील किंबोझाच्या छोट्याशा जंगलात ‘लायगोडॅक्टिलस विल्यम्सी’ ही पाल राहते. तिचा नर झगझगीत निळा असतो. आर्थर लव्हरिज यांनी १९५२ मध्ये तिचे वर्णन ठिकाणासह छापले, आणि ते ठिकाण अर्धे शतक ग्रंथालयात निवांत पडून राहिले. २००४ च्या सुमारास ती पाळीव प्राण्यांच्या बाजारात आली आणि पुढच्या पाचेक वर्षांत ३० हजारांहून अधिक पाली पकडल्या गेल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला. पाल केवड्याच्या जातीच्या उंच झाडांवर राहते. तिच्यासाठी पकडणाऱ्यांनी झाडेच तोडली. २०१६ मध्ये साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन जंगलातून पकडलेल्या पालींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

तरीही सगळा दोष पाळणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मादागास्करच्या हिरव्या ‘फेल्सुमा’ पालींचे प्रजनन, अंडी उबवण्याचे तापमान, अतिनील दिव्याची गरज, मादीच्या मानेजवळील पिशव्यांत साठणारे कॅल्शियम याविषयीची व्यवहारी माहिती मोठ्या प्रमाणात हौशी पालकांनीच जमवली आणि वाटली. बंदिवासात पाली वाढू लागल्या की जंगलावरचा भार हलका होऊ शकतो. अर्थात, तेथे जन्मलेली पाल म्हणून जंगलातलीच विकली जात नसेल तर. फेल्सुमा भारतालाही परकी नाही. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८६१ मध्ये वर्णिलेली तिची एक प्रजाती अंदमानात आहे, बाकीचे गोत हजारो किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या पार पश्चिमेला.

भारतात विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना पर्यावरण मंत्रालयाने २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती देण्यास सांगितले. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आणि नोंदणीचे बंधन आणले. या उपायाचा लाभ आधीच यादीत असलेल्या प्राण्यांना होतो. कालच वर्णन झालेली पाल कोणत्याच यादीत नसते.

मग ठिकाण लपवावे का? आंबोलीचेच उदाहरण याच्या उलट आहे. हिरण्यकेशीच्या मंदिरातील कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचे वर्णन २०२० मध्ये नेमक्या जागेसह प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जागा कळली म्हणूनच तिला संरक्षण मिळाले. पण तिथे मंदिर होते, गाव होते, राखणारे लोक होते. घाटातल्या एखाद्या कातळाला असे राखणदार नसतात.

निरीक्षणे नोंदवण्याच्या आयनॅचरलिस्ट या मंचावर संकटग्रस्त प्रजातींचे अक्षांश-रेखांश आपोआप धूसर केले जातात. मात्र नव्या पालीचे मूल्यांकनच झालेले नसेल, तर ही सोय आपोआप लागू होत नाही. तिच्या ठिपक्याचे काय करायचे, ते छायाचित्र चढवणाऱ्यालाच त्या क्षणी ठरवावे लागते.