'लाइन' : रे रोड परिसरातील एका इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार

प्रस्तावना :
इंग्रजी अमदानीत मराठीत आलेल्या शब्दांची चर्चा बहुधा भाषाशुद्धीच्या अंगाने झाली. माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) हा त्या चर्चेतील महत्त्वाचा ग्रंथ होय. तथापि परका शब्द मराठीत कोणत्या कामी आला, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील रे रोड परिसराच्या संदर्भात 'लाइन' या शब्दाचा विचार केला आहे.

लोहमार्ग आणि हद्द :
रे रोड स्थानकाला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे (१८८५-१८९०) यांचे नाव देण्यात आले. कुर्ल्याहून बंदराच्या बाजूने आलेला लोहमार्ग १९१० मध्ये येथवर पोहोचला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेवरील प्रवासी गाडी धावली. हीच 'हार्बर लाइन'. रेल्वेची शाखा आणि प्रत्यक्ष रूळ, हे दोन्ही अर्थ या शब्दात आले. पूर्वेस दारूखाना व पश्चिमेस घोडपदेव असल्याने 'लाइनीपलीकडे' हा शब्दप्रयोग वस्तीची हद्दही दाखवू लागला.

रांग, पुरवठा व पेशा :
१९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनची लाइन, रॉकेलची लाइन हे शब्दप्रयोग अशा टंचाईच्या अनुभवाशी निगडित आहेत. नळाला पाणी पोहोचविणारी वाहिनीही 'लाइन' आणि त्या नळापुढील हंड्यांची रांगही 'लाइन'च. पोलिसांच्या वसाहतीस 'पोलीस लाइन' म्हणतात. 'तो कोणत्या लाइनीत आहे?' या प्रश्नात पेशा अभिप्रेत असतो, तर 'लाइन मारणे' हा तरुणांच्या बोलीतील प्रणयाराधनाचा प्रकार होय.

मराठीकरण :
ओळ, रांग, रेषा हे मराठीतील जवळचे शब्द स्त्रीलिंगी आहेत. 'लाइन'ही स्त्रीलिंगीच झाली. 'लाइनी', 'लाइनीत', 'लाइनीवर' अशी तिची रूपे मराठी विभक्तीप्रमाणे चालतात. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध जवसाच्या धाग्याशी आहे. मराठीतही 'सुतासारखा सरळ' करणे आणि 'लाइनीवर आणणे' यांचा आशय एकच आहे. धाग्यावरून सरळपणाची कल्पना दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे आली, हे लक्षणीय आहे.

समारोप :
वरील बहुतेक अर्थांत एक समान सूत्र दिसते. रेल्वे, शिधावाटप, पाणीपुरवठा, पोलीस वसाहत या सर्व ठिकाणी सामान्य माणसाचा संबंध एखाद्या मोठ्या यंत्रणेशी येतो. 'रांग' हा शब्द केवळ मांडणी सांगतो. 'लाइन' म्हणताना तिच्या टोकाची खिडकी आणि त्या खिडकीमागील अधिकारही सूचित होतो. महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या लेखनातील 'लाइन' खोडून सरसकट 'रांग' लिहिल्यास भाषा कदाचित शुद्ध होईल, परंतु नगरजीवनाचा हा इतिहास त्यातून पुसला जाईल. गिरण्या बंद पडून आणि गोदीतील कामाचे स्वरूप पालटून या भागातील कामगारवस्ती वेगाने बदलत गेली. म्हणून येथील शब्दांचे संकलन, त्यांच्या सर्व अर्थच्छटांसह, मराठी व इतिहास या दोन्ही विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक ठरते.