जानेवारी १९७१ : सिंगापूर आणि कंपाला

१४ ते २२ जानेवारी १९७१ या दिवसांत सिंगापुरात राष्ट्रकुलाच्या ३१ देशांची बैठक भरली. यजमान व अध्यक्ष ली कुआन यू. भारतात निवडणूक तोंडावर होती, म्हणून इंदिराबाईंऐवजी सरदार स्वर्णसिंग आले. वाद गाजला तो एकच: ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेस शस्त्रे विकावीत काय? हीथसाहेब मागे हटेनात, आफ्रिकी पुढारी ऐकेनात. अखेर वंशभेदाविरुद्ध जाहीरनामा निघाला, शस्त्रांचा प्रश्न तसाच राहिला.

आम्हांस विचाराल तर त्या महिन्याची मोठी गोष्ट सभागृहाबाहेर घडली. युगांडाचे अध्यक्ष ओबोटे याच बैठकीस आले होते. ते घरी पोचण्याआधीच, २५ तारखेस, सेनापती इदी अमीनने कंपालात सत्ता बळकावली. धनी परगावी आणि किल्ल्या पहारेकऱ्याकडे!

युगांडाच्या सैन्याला शिकवायला इस्रायली अधिकारी होते. सिंगापूरचे नवे सैन्यही १९६५ च्या अखेरीपासून आपलेच लोक घडवीत होते. शेजारी देशांना कळू नये म्हणून तेथे त्यांना ‘मेक्सिकन’ म्हणत. सिंगापुरात ती विद्या सत्कारणी लागली. अमीनने मात्र १९७२ च्या मार्चमध्ये इस्रायलींना घालविले आणि ऑगस्टात आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. त्यांत गुजराती व्यापारी होते, तसे गोव्याचे कारकून आणि शिंपीही.

मग १९७६ च्या जुलैत एंटेबे. ओलीस ठेवले होते त्या जुन्या इमारतीच्या बांधकामात सोलेल बोने या इस्रायली कंपनीचा हात होता. तिच्याकडची माहिती सुटकेच्या वेळी कामी आली.